प्रेक्षकांचं ‘मत’ म्हणजे डेटा आहे का? ‘मेस्मर’ सिनेमाच्या निमित्ताने



पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, अशा टप्प्यावरचे बरेच जण एक विषय हमखास आणतात: ‘अमुक ऐतिहासिक चित्रपटाविषयी प्रेक्षकांच्या मतांचा चिकित्सक अभ्यास’. विषय ऐकायला सोपा आहे. सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला असतो, प्रश्नावली गुगल फॉर्मवर तासाभरात तयार होते. पण समितीतले एखादे सर शांतपणे विचारतात, “मत म्हणजे तुम्ही नक्की काय मोजणार?” आणि तिथे गाडी अडते.

आज हा प्रश्न एका उदाहरणावरून सोडवून पाहू. उदाहरण मुद्दाम लांबचं घेतलंय. आपल्याकडच्या ऐतिहासिक सिनेमांवर बोलायला लागलं की पाच मिनिटांत पद्धत बाजूला राहते आणि वाद सुरू होतो.

१९९४ साली ‘मेस्मर’ नावाचा सिनेमा आला. दिग्दर्शक रॉजर स्पॉटिसवुड, पटकथा डेनिस पॉटर यांची, आणि मुख्य भूमिकेत ॲलन रिकमन (हो, तेच, हॅरी पॉटरमधले स्नेप). या भूमिकेसाठी रिकमनना माँट्रियलच्या महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. सिनेमा आहे फ्रान्झ आंतोन मेस्मर (१७३४–१८१५) या डॉक्टरवर. प्रत्येक शरीरात एक अदृश्य द्रव वाहतो, तो अडला की माणूस आजारी पडतो आणि तो प्रवाह आपण मोकळा करू शकतो, असा त्याचा दावा होता. त्याला तो ‘प्राणी-चुंबकत्व’ म्हणायचा. संमोहनाचा इतिहास सांगताना सुरुवात त्याच्यापासून करतात, पण ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला जेम्स ब्रेड या डॉक्टरने, १८४० च्या दशकात. म्हणजे मेस्मरला हा शब्द माहीतही नव्हता.

सिनेमाचा गाभा आहे व्हिएन्नामधलं १७७७ चं प्रकरण. मारिया तेरेसिया फॉन पाराडिस ही अठरा वर्षांची अंध पियानोवादक मेस्मरकडे उपचार घेत होती. तिला दिसू लागलं, असा मेस्मरचा दावा. डॉक्टर मंडळींचा त्यावर विश्वास बसला नाही, आईवडिलांनी तिला परत नेलं, आणि पुढच्या वर्षी मेस्मर पॅरिसला निघून गेला. मारिया पुढे आयुष्यभर अंधच राहिली. तरी युरोपभर कार्यक्रम केले, संगीतरचना केल्या, व्हिएन्नात संगीतशाळा काढली. हा उत्तरार्ध माहीत असलेला आणि नसलेला प्रेक्षक एकच सिनेमा पाहतात का? मला तरी तसं वाटत नाही.

आता कल्पना करा, दहा जणांना सिनेमा दाखवला आणि विचारलं, “कसा वाटला?” कोणी म्हणेल, रिकमनचा आवाज जबरदस्त, बाकी सिनेमा संथ. हे मत अभिनयाबद्दल आहे. कोणी म्हणेल, बिचाऱ्याला त्या काळाने समजून घेतलं नाही. हे माणसाबद्दलचं मत. तिसरा म्हणेल, असं खरं घडलंच नव्हतं. हे इतिहासाबद्दलचं. आणि एखादी मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणेल, डॉक्टर आणि रुग्ण यांच्या नात्यातली मर्यादा सिनेमाने धूसर केली. हा नैतिक आक्षेप झाला. आता या चौघांनाही ‘१ ते ५ मध्ये गुण द्या’ म्हटलं आणि चौघांनीही ३ दिले, तर तुमची सरासरी येते ३. ती सरासरी कशाची आहे? कशाचीच नाही. चार वेगळ्या वस्तू एकाच तराजूत टाकल्यात.

म्हणून पहिलं काम: मत कशाविषयीचं, ते वेगळं करा. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेली चौकट इथे उपयोगी पडते. निर्माता जो अर्थ भरतो, तो प्रेक्षक जसाच्या तसा स्वीकारतो, किंवा काही मान्य करून काहीशी घासाघीस करतो, किंवा थेट विरोधात वाचतो. ‘आवडला’ म्हणणारा प्रेक्षकही विरोधी वाचन करत असू शकतो, हे लक्षात ठेवा. मेस्मर भोंदू आहे असं पक्कं मानून सिनेमाची मजा लुटणारे असतातच की.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे, आणि गंमत म्हणजे तिचं उत्तर मेस्मरच्याच गोष्टीत आहे.

१७८४ मध्ये सोळाव्या लुईने मेस्मरच्या उपचारपद्धतीची चौकशी लावली. आयोगात बेंजामिन फ्रँकलिन, लाव्हाझिए अशी माणसं. मेस्मर स्वतः सहभागी झाला नाही; प्रयोग झाले ते त्याचा शिष्य देस्लों याच्यासोबत. फ्रँकलिन यांच्या बागेतलं एक झाड देस्लोंने ‘चुंबकित’ केलं आणि डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलाला एकेका झाडापाशी नेलं. मुलगा चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला. ते झाड चुंबकित नव्हतंच. यावर देस्लोंचं उत्तर असं, की झाडं मुळातच थोडीफार चुंबकित असतात! (असं गृहीतक, जे कुठल्याही निकालाने खोटं ठरूच शकत नाही, त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. व्हायव्हाला वापरा.) आयोगाने निष्कर्ष काढला: परिणाम खरा आहे, पण तो कल्पनाशक्तीचा आहे.

म्हणजे लोकांना काय अपेक्षित आहे, यावर त्यांचा अनुभव ठरतो. हेच पुढे जास्त नेमकेपणाने मांडलं एका गोवेकराने. आबे फारिया, जन्म १७५६, गाव कांदोळी. १८१३ पासून ते पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करत होते. द्रव वगैरे काही नाही, प्रयोग करणाऱ्याच्या अंगात कसली शक्तीही नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात सूचनेमुळे घडतं, हा त्यांचा मुद्दा. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. बाजूने गेला असाल तर पुन्हा नीट बघा.

आता आपली प्रश्नावली घ्या. “या सिनेमात एका थोर पण उपेक्षित डॉक्टरचं चित्रण प्रभावी झालं आहे असे आपणास वाटते का?” हा प्रश्न नाही, ही सूचना आहे. ‘थोर’, ‘उपेक्षित’, ‘प्रभावी’ असे तीन शब्द तुम्हीच उत्तरदात्याच्या मनात ठेवलेत आणि मग तेच परत गोळा केलेत. ऐंशी टक्के ‘होय’ आले, तरी ते तुमच्या वाक्यरचनेचं यश आहे. त्यापेक्षा “मेस्मरविषयी तुमच्या मनात काय राहिलं?” असं मोकळं विचारा.

मोकळ्या उत्तरांतून संशोधन होतं का, अशी शंका असेल तर येन आंग यांचं ‘डॅलस’ मालिकेवरचं काम वाचा. त्यांनी डच महिला मासिकात छोटी जाहिरात दिली: मला ही मालिका आवडते, पण विचित्र प्रतिक्रिया मिळतात, तुम्हाला काय वाटतं ते लिहा. आलेली पत्रं फक्त ४२. त्या ४२ पत्रांवर पुस्तक उभं राहिलं, जे आजही प्रेक्षक-अभ्यासात वाचावंच लागतं. मात्र जाहिरातीत त्यांनी स्वतःची आवड आधीच सांगितली होती, म्हणजे सूचना तिथेही होतीच. आंग यांची पद्धत उचलणार असाल, तर यावर सिनॉप्सिसमध्ये एक परिच्छेद हवाच.

मग विषय नेमका कसा करायचा? एक मार्ग सांगतो. पाराडिसच्या याच प्रकरणावर २०१७ मध्ये बार्बरा आल्बर्ट यांचा ‘मादम्वाझेल पाराडिस’ आला. घटना तीच, पण केंद्रस्थानी मेस्मर नाही, ती मुलगी आहे. आता एका गटाला आधी १९९४ चा सिनेमा दाखवा, मग २०१७ चा. दुसऱ्या गटाला उलट क्रमाने. प्रत्येक सिनेमानंतर एकच प्रश्न: “या प्रकरणात अन्याय कोणावर झाला?” उत्तर बदलतं का, आणि कोणत्या क्रमात जास्त बदलतं, हे पाहा. इथे काय मोजतोय ते स्पष्ट आहे, तुलना आहे, आणि प्रश्नात विशेषण नाही. ‘अन्याय’ हा शब्द मात्र माझ्याही डोक्यात खटकतोय. अन्याय झालाच, हे त्यात गृहीत धरलंय. त्याऐवजी “हे प्रकरण दोन-चार वाक्यांत सांगा” एवढंच विचारलं, तर उत्तरदाता गोष्ट कोणापासून सुरू करतो, मेस्मरपासून की मारियापासून, एवढं मोजूनसुद्धा पुरेल. पायलट पाच-सात जणांवर आधी करून बघा आणि मगच गाईडकडे जा.