सोऱ्या एकच, चकत्या वेगळ्या

मुलांनो, दिवाळीत घरी सोऱ्या निघतो, तेव्हा नीट पाहिलंय का? चांदणीच्या भोकाची चकती बसवली की चकली पडते, बारीक भोकांची बसवली की शेव. शेवेसाठी कुणी दुसरा सोऱ्या आणत नाही. कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करणारेही असाच एक सोऱ्या वापरतात. तो नसला की काय होतं, ते मी चांगलंच अनुभवलंय. तीच गोष्ट आज सांगते.

खेळ उघडला की आधी काय दिसतं? ‘सुरू करा’, ‘आवाज’, ‘बाहेर पडा’ अशा पाट्यांची यादी. हिला म्हणतात मेनू. हो, हॉटेलातल्या मेनूकार्डातलाच मेनू! खेळ मध्येच थांबवला की दुसरा मेनू येतो, खेळ संपला की तिसरा.

गेल्या वर्षी मी चौथीच्या मुलांसाठी पाढ्यांचा एक खेळ तयार केला. तो लिहिला ‘लुआ’ नावाच्या भाषेत. पोर्तुगीज भाषेत लुआ म्हणजे चंद्र. ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरो इथल्या विद्यापीठात रॉबर्टो इएरुसालिम्स्की, लुईझ हेन्रिक दि फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी १९९३ साली ही भाषा तयार केली. गंमत म्हणजे तिच्या आधीच्या एका भाषेचं नाव होतं ‘सोल’, म्हणजे सूर्य! लुआ तयार झाली ती तेल कंपनीच्या कामासाठी. पण ती इतकी छोटी आणि सुटसुटीत निघाली, की खेळवाल्यांनी तिला उचलून धरलं. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या प्रसिद्ध खेळातही पडद्यावरच्या बटणांचं काम लुआच करते.

तर माझा खेळ. पहिला मेनू मी मन लावून लिहिला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मेनूसाठी मात्र तोच मजकूर जसाच्या तसा उतरवला आणि फक्त पाट्या बदलल्या. मग पहिल्या मेनूत एक चूक सापडली. पाट्या तीन, पण तिसरीवर असताना खालचा बाण दाबला, की निवड जायची चौथ्या पाटीवर. आणि चौथी पाटी तर नव्हतीच! मी ती चूक सुधारली. पण कुठे? फक्त पहिल्या मेनूत.

पाढ्यांना घाबरणारी एक मुलगी त्या दिवशी कधी नव्हे ते ८६ गुणांवर पोचली होती. पाणी प्यायला जायचं म्हणून तिनं खेळ थांबवला. दुसरा मेनू आला. तिनं खालचा बाण जरा जास्तच वेळा दाबला, मग एन्टर दाबलं, आणि सगळा पडदा निळा! खेळ बंद, गुण गायब. रडवेल्या आवाजात तिनं विचारलं, “बाई, माझं काही चुकलं का?”

तिचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं होतं माझं.

जी वस्तू नाहीच, तिला लुआ म्हणते ‘निल’. निल म्हणजे शून्य नव्हे, बरं का! शून्य गुण मिळाले तरी ते गुणच असतात. निल म्हणजे परीक्षेला गैरहजर. गैरहजर पाटीला “तुझं काम कर” म्हटलं, की लुआ कामच थांबवते.

त्या रात्री मी तिन्ही मेनू पुसून टाकले आणि एकच सोऱ्या तयार केला.

लुआमध्ये ‘टेबल’ म्हणजे तक्ता असतो, आपल्या हजेरीपटासारखा. त्याच्या प्रत्येक ओळीत मी दोन गोष्टी ठेवल्या: पाटीवरचे शब्द आणि ती पाटी निवडल्यावर करायचं काम. लुआची मोठी सोय ही, की शब्द आणि आकडे तक्त्यात ठेवावेत तसं एखादं कामसुद्धा ठेवता येतं. ही झाली चकती.

आता सोऱ्या. त्याला कुठलाही तक्ता द्या, तो पाट्या एकाखाली एक मांडतो. निवडलेली पाटी वेगळ्या रंगात दाखवतो. खालचा बाण दाबला की निवडीत एक मिळवतो. आकडा पाट्यांच्या संख्येपेक्षा मोठा झाला, की पुन्हा एकवर येतो. (पुष्कळ भाषा शून्यापासून मोजतात, पण लुआ आपल्यासारखी एकपासून मोजते!) वरच्या बाणाचं याच्या उलट. एन्टर दाबलं, की त्या ओळीतलं काम करतो.

इथेही मी एकदा फसले. निवडीचा आकडा तिन्ही मेनूंसाठी एकच ठेवला होता. दुसऱ्या मेनूत तिसरी पाटी निवडली, की शेवटचा मेनूही थेट तिसऱ्याच पाटीवर उघडायचा! म्हणून आता प्रत्येक मेनूचा आकडा त्याच्याजवळच राहतो. एकाच दुकानातल्या दोन सारख्या वह्या घेतल्या, तरी तुमचा अभ्यास तुमच्या वहीत आणि ताईचा तिच्या, तसंच हे.

आता चूक सापडली तर एकाच जागी सुधारायची, की सगळे मेनू सुधारले. हा सोऱ्या मी वेगळ्या फाईलमध्ये ठेवला आहे. पुढे जिल्ह्यांचा खेळ केला, तेव्हा एका ओळीत ती फाईल बोलावली आणि नवे तक्ते दिले. मेनू तयार!

ती मुलगी पुन्हा खेळली. आधी मुद्दाम खालचा बाण वीस-पंचवीस वेळा दाबून पाहिला. मग हसून म्हणाली, “बाई, आता नाही बंद पडत.” आणि पाढ्यांना लागली.

करून पाहा : वहीत तुमच्या आवडत्या खेळाचे तीन मेनू लिहा. प्रत्येक पाटीसमोर तिचं काम लिहा. मग तिन्हींत सारखं काय आहे, ते लाल पेन्सिलीने अधोरेखित करा. ते लाल म्हणजे सोऱ्या! पालकांनो, लुआ मोफत मिळते आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालते. मुलांच्या शेजारी बसून तुम्हीही शिका.