निवडणुकीतील विजय म्हणजे प्रश्नाचा निकाल नव्हे

विधानसभा जिंकलेल्या पक्षाला त्याच्या प्रत्येक भूमिकेवर लोकमान्यता मिळते काय? गोव्याचा अनुभव नकारार्थी आहे. महाराष्ट्रात विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा मगो पक्ष १९६३ साली सत्तेवर आला. मात्र १६ जानेवारी १९६७ रोजी हाच प्रश्न जनमत कौलात स्वतंत्रपणे विचारला गेला, तेव्हा विलीनीकरणाला १,३८,१७०, तर संघप्रदेशाला १,७२,१९१ मते पडली. मार्चमधील निवडणुकीत पुन्हा मगोच सत्तेवर आला. यात विसंगती नाही. निवडणुकीत मतदारसंघनिहाय जागा मोजतात आणि विरोधी मते विभागली जातात; कौलात सर्व मते एकत्र मोजली जातात.

तेलंगणात असा कौल झाला नाही. तेथे आमदारांनी राजीनामे देऊन पोटनिवडणुकाच स्वतंत्र राज्याच्या मागणीवर लढवल्या. जैनथचा समावेश असलेल्या आदिलाबाद मतदारसंघात मार्च २०१२ मध्ये तेलंगण राष्ट्र समिती विजयी झाली. तरीही राज्य अस्तित्वात आले ते संसदेच्या कायद्याने, २ जून २०१४ रोजी.

निवडणूक सरकार ठरवते; मागणीचा जोरही दाखवते. परंतु १९६३चा निकालच अंतिम मानला असता, तर आजचे गोवा राज्य कदाचित नकाशावर नसते.