आप्पांच्या नळीची वही

आप्पांना लघवीची नळी होती ती सहा वर्षं. नळी कधी बदलली, कधी चोक झाली, ताप किती, सगळं मी एका दोनशेपानी वहीत लिहीत गेले.

पहिल्या वर्षाची पानं आजही वाचवत नाहीत. रात्री पिशवी कोरडी, ओटीपोट टम्म, आप्पा घामाने डबडबलेले. लघवी तपासली की जंतू सापडायचे आणि अँटिबायोटिक सुरू व्हायचं. खरं तर महिनाभर नळी राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू असतात. ताप, थंडी, दुखणं नसेल तर नुसत्या रिपोर्टवर औषध द्यायचं नसतं. हे कळायला आम्हाला वर्ष गेलं. पिशवीचा सांधा रोज उघडून धुणंही तेव्हाच थांबवलं. १९६६ साली अमेरिकेत कुनिन आणि मॅक्कॉर्मॅक यांनी दाखवून दिलं होतं, की नळीपासून पिशवीपर्यंतचा मार्ग बंद ठेवला तर संसर्ग लांबवता येतो. आणि आम्ही भक्तिभावाने तो उघडत होतो!

दुसऱ्या वर्षी हातमोजे घालून मी एक काढलेली नळी ब्लेडने उभी चिरली. टोकाच्या छिद्रांत पांढरट, रवाळ थर, गीझरच्या कॉइलवर बसतो तसा. प्रोटियस मिराबिलिस हा जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे फॉस्फेट नळीत साचतात. कार्डिफच्या डेव्हिड स्टिकलर यांनी कित्येक वर्षं याच थराचा अभ्यास केला. पाणी भरपूर आणि त्यात लिंबू, म्हणजे सायट्रेट, गेलं तर क्षार लवकर धरत नाहीत, हे त्यांच्याच प्रयोगांतलं. डॉक्टरांना विचारून आप्पांचं लिंबूपाणी सुरू केलं.

वहीतले आकडे मी ओळीने मांडले. १६, १८, १५, १७. नळी एवढ्याच दिवसांत बंद पडत होती. डॉक्टरांना वही दाखवली, आणि बाराव्या दिवशीच सिस्टर येऊन नळी बदलू लागल्या, तीही लॅटेक्सऐवजी सिलिकॉनची, तेवढ्याच जाडीत आतून अधिक मोकळी. मध्यरात्रीची धावपळ जवळपास थांबली.

तरी क्षार येतातच कुठून? सोनोग्राफीत मूत्राशयात खडा दिसला. हा जंतू खड्यात दडून बसतो. कितीही नळ्या बदला, नव्या नळीवर पुन्हा येतो. खडा काढल्यावर डॉक्टरांनी पुढची नळी जास्त दिवस ठेवून बघितली. त्या पानावर थरथरत्या अक्षरात आप्पांनीच लिहिलंय: २९ दिवस, लघवी स्वच्छ.