फोर्लीची अग्निमाता : प्रतीक आणि प्रत

इटलीतील फोर्ली येथे ४ फेब्रुवारी १४२८ रोजी एका शाळेस आग लागली. तेथील कागदी काष्ठमुद्रा मात्र बचावली. तीच ‘मादोन्ना देल फुओको’, म्हणजे अग्निमाता, होय. मध्यभागी बालयेशूसह मरिया, दोन्ही बाजूंस सूर्यचंद्र, सभोवार संत, अशी तिची मांडणी आहे. अशा मुद्रांतील संत त्यांच्या चिन्हांवरून ओळखावयाचे असतात : लॉरेन्स लोखंडी जाळीवरून, कॅथरिन चाकावरून. निरक्षर भाविकासही ही चित्रलिपी वाचता येई. पेटूनही भस्म न होणारे मोशेचे झुडूप हे मरियेच्या कौमार्याचे रूढ प्रतीक होते. न जळालेल्या कागदासही तोच अर्थ लावता येतो. एका ठशाच्या अनेक प्रती निघत. त्यांतील चिन्हे सर्व प्रतींस समान. आगीने दिलेला अर्थ मात्र फोर्लीच्या कॅथीड्रलमध्ये पूजिल्या जाणाऱ्या या एकाच प्रतीचा आहे.