वनविद्येची पदवी, तीही उमेदवारी करीत

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने काही महिन्यांपूर्वी दूरध्वनीवरून आमच्यापुढे एक अडचण मांडली. त्यांच्या थोरल्या मुलीला विद्यापीठात प्रवेश मिळत असताना ती तो नाकारून वनखात्यात नोकरी धरायला निघाली होती. आणि ही नोकरीच आपल्याला पदवी देणार आहे, असे तिचे म्हणणे होते. “फादर, नोकरी पदवी कशी देईल?” असा आईचा प्रश्न. वडिलांचा प्रश्न अधिक रोखठोक होता. इतकी वर्षे परमुलखात राबलो, ते मुलीने चिखलात उभे राहून झाडे मोजावीत म्हणून का?

त्या दिवशी आम्हांला नीटसे उत्तर देता आले नाही. मागाहून आम्ही या विषयाची माहिती मिळवली. असेच प्रश्न पडलेली आणखीही कुटुंबे आमच्या वाचकांत असतील, म्हणून ती येथे देत आहोत.

या शिक्षणाला तिकडे डिग्री अप्रेंटिसशिप म्हणतात. आपल्या भाषेत त्यासाठी ‘उमेदवारी’ हा नेमका शब्द पूर्वीपासून आहे. सुताराकडे, शिंप्याकडे, वकिलाकडे उमेदवारी करून माणसे तयार होत असत. फरक एवढाच, की जुन्या उमेदवारीच्या शेवटी हाती कौशल्य येई, प्रमाणपत्र येत नसे. इंग्लंडमध्ये २०१५ साली सुरू झालेल्या या पद्धतीत उमेदवाराला आधी कामावर घेतले जाते, पहिल्या महिन्यापासून वेतन मिळते, आणि कामाच्या वेळेतलाच ठरावीक भाग विद्यापीठाच्या अभ्यासासाठी राखून ठेवलेला असतो. अखेरीस मूल्यमापन होते आणि विद्यापीठाची रीतसर पदवी मिळते. ती दुय्यम प्रतीची पदवी नव्हे, हे पालकांनी प्रथम ध्यानात घ्यावे.

शिकवणीचे शुल्क उमेदवाराने भरायचे नसते. ते नोकरी देणारी संस्था व शासन यांच्याकडून जाते. ज्यांचा वार्षिक वेतनखर्च ३० लाख पौंडांहून अधिक आहे, अशा मालकांकडून २०१७ पासून त्या वरच्या रकमेवर अर्धा टक्का आकारणी घेतली जाते व तो पैसा उमेदवारांच्या शिक्षणावर खर्च होतो. याच देशात नेहमीच्या मार्गाने पदवी घेणाऱ्या स्थानिक विद्यार्थ्याला २०२५-२६ या वर्षी कमाल ९,५३५ पौंड शुल्क पडत होते. राहण्याजेवण्याचा खर्च निराळा. बहुतेक मुले त्यासाठी विद्यार्थी कर्ज काढतात, आणि २०२३ पासून प्रवेश घेणाऱ्यांच्या मागे ते ४० वर्षांपर्यंत राहू शकते. आपल्या समाजात कर्जाची धास्ती मोठी. तरी मुलाच्या पदवीसाठी घर गहाण टाकायला आपण मागेपुढे पाहत नाही. म्हणूनच हा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे.

आता वनविद्येविषयी. इंग्लंडच्या फॉरेस्ट्री कमिशनने २०२२ पासून तरुण वनाधिकारी घडविण्यासाठी कंब्रिया विद्यापीठाबरोबर असा तीन वर्षांचा क्रम सुरू केला. सरोवरांच्या प्रदेशातील ॲम्बलसाइड या छोट्या गावी विद्यापीठाची वनविद्या शाळा आहे. उमेदवार तेथे सलग काही काळ शिकतो व मग आपल्या नेमणुकीच्या भागात परत जाऊन कामाला लागतो. ‘प्रोफेशनल फॉरेस्टर’ असे या उमेदवारीचे अधिकृत नाव. पुढे अनुभव जमल्यावर चार्टर्ड फॉरेस्टर या मान्यतेसाठी अर्ज करता येतो; ती देणाऱ्या संस्थेला राजसनद १९८२ साली मिळाली. डॉक्टर वा हिशेबनीस यांच्याप्रमाणे वनतज्ज्ञाचाही सनदी व्यवसाय असू शकतो, ही गोष्ट आम्हांलाही नवीनच होती.

काम काय असते?

‘जंगलातली नोकरी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खाकी गणवेशातला गार्ड किंवा कुऱ्हाड घेतलेला मजूर उभा राहतो. फॉरेस्ट्री कमिशनच्या वनाधिकाऱ्याचे काम यांपैकी कोणतेच नव्हे. इंग्लंडमधील बरेचसे वन खासगी मालकीचे आहे. मालकाला एका तिमाहीत ५ घनमीटरांहून अधिक लाकूड तोडायचे असेल तर, काही अपवाद सोडल्यास, परवाना घ्यावा लागतो. तो अर्ज तपासायला वनाधिकारी जागेवर जातो. झाडाचा व्यास जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर, म्हणजे सुमारे छातीच्या उंचीवर, फितीने मोजायचा. उंची कोन मोजणाऱ्या उपकरणाने काढायची. त्यावरून लाकडाचा अंदाज बांधायचा. कोणती झाडे विरळणीत जावीत व कोणती राहावीत, हे ठरवायचे. त्याखेरीज नव्या लागवडीला अनुदान द्यावे की नाही, हे पाहायचे, रोग हुडकायचे, शेजाऱ्यांच्या तक्रारी ऐकायच्या. निम्मे काम पायांचे, निम्मे कागदांचे व संगणकावरच्या नकाशांचे, असे म्हटले तरी चालेल.

ज्यांच्या घरी वाडी आहे त्यांना यातील पुष्कळसे ओळखीचे वाटेल. दाट लावलेल्या रोपांतून कमकुवत कधी उपटावीत, पाणी कुठे साचते, कोणत्या पानावरचा डाग साधा आणि कोणता घातक, हे जुन्या वाडीवाल्यांना कळत असे. वनविद्येत मात्र हिशेब वर्षांचा नसून पिढ्यांचा असतो. सिट्का स्प्रूस हे ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर लावले जाणारे सूचिपर्णी झाड सुमारे ४० वर्षांत तोडणीला येते. ओक वृक्षाला शंभराहून अधिक वर्षे लागतात. आज ओकचे रोप लावणारी मुलगी त्याचे लाकूड पाहणार नाही. ती जे वन विरळ करील, ते तिच्या पणजोबांच्या वयाच्या कोणीतरी लावलेले असेल.

चूक झाली तर तीही पिढ्यान्‌पिढ्या पुरते. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला फ्लो कंट्री नावाचा विस्तीर्ण दलदलीचा प्रदेश आहे. करसवलतीच्या लोभाने १९८०च्या दशकात तेथे चर खणून सूचिपर्णी झाडे लावण्यात आली. हजारो वर्षांत साचलेल्या त्या ओल्या मातीत कार्बनचा प्रचंड साठा आहे. चरांमुळे ती सुकू लागली, आणि तेथील पक्ष्यांचे आश्रयस्थानही गेले. १९८८ साली ती करसवलत काढून घेण्यात आली. पुढे अनेक ठिकाणी झाडे तोडून, चर बुजवून दलदल पूर्ववत करण्याचे काम हाती घ्यावे लागले. या प्रदेशाला २०२४ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. झाड लावणे हे नेहमीच पुण्यकर्म, अशा समजुतीने आपणही धर्मग्रामात वृक्षारोपणाचे कार्यक्रम करतो व पावसाळा संपला की रोपांकडे फिरकत नाही. झाड कुठे लावू नये, हे कळायलाही शिक्षण लागते.

तेथे अशा माणसांची निकड आहे, याचेही कारण सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धात खंदकांसाठी व कोळशाच्या खाणींसाठी लाकूड अपुरे पडले. त्या वेळी ब्रिटनचा जेमतेम ५ टक्के भूभाग वनाखाली उरला होता. म्हणून १९१९ साली फॉरेस्ट्री कमिशनची स्थापना झाली. आज संयुक्त राज्यात हे प्रमाण सुमारे १३ टक्के आहे. इंग्लंडमध्ये मात्र ते १० टक्क्यांच्या आसपासच आहे. तेथे झाडांचे एकूण आच्छादन २०५० पर्यंत १६.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट शासनाने ठेवले आहे. दुसरीकडे ॲश वृक्षांना मारणारा बुरशीजन्य रोग २०१२ साली त्या देशात आढळला व सर्वत्र पसरला. नोव्हेंबर २०२१ मधील आर्वेन वादळाने उत्तरेकडची असंख्य झाडे एका रात्रीत आडवी केली. लावायचे पुष्कळ, सांभाळायचे त्याहून अधिक, आणि जाणकार हात थोडे.

एक गोष्ट आमच्या वाचकांना कुतूहलाची वाटेल. ब्रिटनमध्ये वनविद्येचे रीतसर शिक्षण सुरू झाले ते आपल्या देशासाठी. पुण्याजवळील दापुरीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख असलेले शल्यवैद्य अलेक्झांडर गिब्सन यांची १८४७ साली मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८६४ साली ब्रांडिस हे जर्मन वनतज्ज्ञ भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. भारतात पाठवायच्या वनाधिकाऱ्यांसाठी १८८५ साली इंग्लंडमधील कूपर्स हिल येथे वर्ग सुरू झाले व १९०५ मध्ये ते शिक्षण ऑक्सफर्डला गेले. या इतिहासाला काळी बाजूही आहे. १८७८च्या वन कायद्याने जंगल सरकारचे झाले आणि वारली, कातकरी, ठाकूर या आपल्या शेजारी बांधवांना स्वतःच्याच रानात लाकूडफाट्यासाठी अपराधी ठरावे लागले. त्यांचे हक्क मान्य करणारा कायदा यायला २००६ साल उजाडले. वनाधिकाऱ्याला झाडांइतकीच माणसेही कळली पाहिजेत, हे आम्ही आवर्जून लिहितो.

ख्रिस्तसभेला हे क्षेत्र परके नाही. अकराव्या शतकातील संत जॉन ग्वालबर्ट यांनी फ्लॉरेन्सजवळ वालोम्ब्रोझा येथे मठ स्थापन केला. तेथील मठवासीयांनी पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर फरची वने लावली व राखली. १८६९ साली इटलीतील पहिली वनविद्या शाळा याच ठिकाणी निघाली, आणि पोप बारावे पायस यांनी १९५१ साली या संतांना इटलीच्या वनरक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. त्यांचा सण १२ जुलैला येतो. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २०१५ साली आल्यावर आपल्याकडे त्यावर पुष्कळ प्रवचने झाली, आम्हीही केली. परंतु त्या परिपत्रकाला अनुसरून एखाद्या मुलाने आपला चरितार्थच त्यावर उभारायचा म्हटले की घरात काळजीचे वातावरण पसरते.

पालकांच्या शंका

त्या वडिलांच्या मनातली खरी अडचण पैशांची नव्हती. हाताने काम करणाऱ्याला आपण कमी लेखतो, आणि वर्गात बसून मिळवलेली पदवी तेवढीच खरी मानतो. आम्ही सेमिनरीत असताना आठवडाभर तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र शिकत असू, आणि शनिवार-रविवारी आम्हांला धर्मग्रामात पाठवले जाई. आजाऱ्याच्या उशाशी बसून काय बोलावे, हे कोणत्याही ग्रंथात नव्हते. एका वृद्ध धर्मगुरूंच्या मागे उभे राहून आम्ही ते शिकलो. तीही उमेदवारीच होती, आणि तिच्यामुळे आमचे धर्मशास्त्र उणे झाले असे कोणी म्हटले नाही.

तथापि, हा मार्ग सोपा आहे असे आम्ही म्हणणार नाही. इतर मुले उन्हाळ्याच्या दीर्घ सुट्टीवर असतात तेव्हा उमेदवार कामावर असतो. नोकरी आणि निबंध दोन्ही एकाच आठवड्यात सांभाळावे लागतात. नेमणूक आडगावी होऊ शकते. तेथे पाऊस फार, बसगाड्या थोड्या व ओळखीचे चेहरे त्याहून थोडे. अठराव्या वर्षीच व्यवसाय पक्का करावा लागतो. ज्याची आवड अजून ठरली नाही त्याने वर्षभर थांबलेले बरे. जागा मोजक्या असल्याने निवडही कठीण असते. करार मुदतीचा आहे की कायम, आणि पदवीनंतर नोकरीची हमी आहे काय, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. हा मार्ग भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी नाही. उमेदवाराला तेथे काम करण्याचा हक्क असावा लागतो, आणि शिक्षणाचा खर्च मिळण्यासाठी साधारणतः आधीची तीन वर्षे तेथे वास्तव्य लागते. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला ही उमेदवारी धरता येत नाही. कोणी दलाल पैसे घेऊन अशी जागा मिळवून देतो म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नये. शिवाय ही रचना इंग्लंडची आहे. स्कॉटलंड व वेल्सचे नियम निराळे आहेत.

येथे राहणाऱ्या मुलांना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात व अकोल्याच्या कृषी विद्यापीठात बारावी विज्ञाननंतर वनविद्येची चार वर्षांची पदवी घेता येते. पुढे लोकसेवा आयोगाच्या वनसेवा परीक्षा आहेतच. शिकता शिकता पूर्ण वेतन मिळण्याची सोय मात्र तेथे नाही. पदवीतच उमेदवारी गुंफण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. वनविद्येपर्यंत ती पोहोचली तर आम्हांला आनंदच होईल.

इंग्लंडमधील ज्या मुलामुलींना अर्ज करायचा असेल त्यांनी शासनाच्या उमेदवारीविषयक संकेतस्थळावर जाहिरातींवर लक्ष ठेवावे. इंग्रजी व गणित चांगले असावे. वाहन चालवण्याचा परवाना काढून ठेवावा. आडगावच्या नेमणुकीत तो लागतोच. त्याआधी एखाद्या थंड, ओल्या शनिवारी जवळच्या वनात स्वयंसेवक म्हणून दिवसभर काम करून पाहावे. मुलाखतीत ‘हेच काम का?’ असे विचारले की उत्तर आपोआप सुचेल, आणि सुचले नाही तर तेही वेळीच कळेल.

त्या आईने शेवटी विचारलेला प्रश्न इतर मातांच्याही मनात असेल, म्हणून त्याचे उत्तर देतो. ॲम्बलसाइड हे गाव लँकेस्टर धर्मप्रांतात मोडते आणि गावात कॅथलिक चर्च आहे. मिस्साच्या वेळा जाण्यापूर्वी धर्मप्रांताकडून विचारून घ्याव्यात.