विश्लेषण : रोलर ब्लाइंडचे कापड तिरके का गुंडाळले जाते? नवे कापड थेट नळीवर कसे बसवावे?

पश्चिमेकडच्या खिडकीवरच्या रोलर ब्लाइंडने काही उन्हाळे काढले की आधी जीर्ण होते ते कापड. रंग उडतो, लेपाला भेगा पडतात, कडा काळवंडतात. आतली नळी, साखळी, ब्रॅकेट मात्र ठणठणीत असतात. तरीही अनेक घरांतून अख्खा ब्लाइंडच भंगारात जातो. वास्तविक जुन्याच नळीवर नवे कापड बसवता येते आणि त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. मात्र घाईने चिकटवलेले कापड दोन-चार दिवसांत एका बाजूला सरकू लागते, ब्रॅकेटला घासते आणि कडेने फाटते. असे का होते आणि ते कसे टाळायचे, याविषयी…

रोलर ब्लाइंडमध्ये नेमके काय असते?

एक नळी, तिच्यावर गुंडाळलेले कापड, कापडाच्या तळाशी वजनदार पट्टी आणि नळी पेलणारे दोन ब्रॅकेट. हल्ली नळी बहुधा ॲल्युमिनियमची असते. तिच्या एका टोकाला क्लच आणि मण्यांची साखळी, दुसऱ्या टोकाला नुसती फिरती खुंटी. साखळी ओढली की नळी फिरते. सोडली की क्लच नळीला जागीच धरून ठेवतो. जुन्या पद्धतीच्या ब्लाइंडमध्ये साखळी नसते, नळीत स्प्रिंग असते. अमेरिकेतील स्टुअर्ट हार्टशॉर्न यांनी १८६४ मध्ये अशा स्प्रिंगच्या रोलरचे पेटंट घेतले. कापड खाली ओढताना स्प्रिंग पिळली जाते आणि हात थांबला की एक छोटा खटका खाचेत पडून ती अडवतो. हलका झटका दिला की खटका सुटतो आणि कापड भर्रकन वर जाते.

कापड नळीला जोडतात कसे?

मुख्य पद्धती तीन. लाकडी दांडा असेल तर स्टेपल किंवा बारीक खिळे मारतात. ॲल्युमिनियमच्या नळीवर लांबीभर खाच असेल तर कापडाच्या कडेला प्लॅस्टिकची पट्टी लावून ती खाचेत सरकवतात. नळी गुळगुळीत असेल तर कापड डबल साइड टेपने थेट नळीवर चिकटवतात. खाचेची पद्धत सोपी, कारण खाच मुळातच नळीला समांतर असते. रेषा आखावी लागत नाही. थेट चिकटवताना ही सरळ रेषा आपल्यालाच काढावी लागते. टेप पातळच घ्यावी. जाड टेपचा उंचवटा पुढच्या वेढ्यांवर आडव्या रेघेसारखा उमटतो.

एवढे वजन टेपवर टिकते?

बहुतेक वजन टेपवर येतच नाही. धक्क्याला लागलेल्या होडीचा दोर खुंटाला दोन-तीन वेढे देऊन नावाडी त्याचे टोक एका हाताने सहज धरतो. ओढ घर्षणाने खुंटच सोसतो. ब्लाइंडमध्ये हेच घडते. कापड पूर्ण खाली सोडल्यावरही नळीवर त्याचे एक-दोन वेढे शिल्लक असले, तर खालचे वजन त्या वेढ्यांच्या घर्षणात जिरते. घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्यानंतर टेपवर मूळ ओढीचा साधारण साडेसहावा हिस्सा उरतो. दोन वेढ्यांनंतर त्रेचाळिसावा. कापड आणि पट्टी मिळून एक किलो असेल, तर दोन वेढ्यांनंतर टेपला जेमतेम २३ ग्रॅम पेलायचे असतात.

म्हणूनच कापड कापताना खिडकीच्या उंचीएवढेच कापणे ही महागात पडणारी काटकसर आहे. ३८ मिलिमीटर व्यासाच्या नळीचा घेर सुमारे १२ सेंटीमीटर. दोन वेढ्यांसाठी २४ आणि तळाच्या पट्टीच्या खिशासाठी ५-६ सेंटीमीटर, म्हणजे उंचीपेक्षा साधारण ३० सेंटीमीटर जास्त कापड हवे. शिवाय साखळीवर स्टॉपर लावून कापड ठरावीक जागी थांबेल असे करावे. ते पार शेवटपर्यंत उलगडले की सगळी ओढ टेपवर येते आणि उन्हाने तापलेल्या नळीवर मऊ झालेला गोंद सुटू लागतो.

कापड एका बाजूला का सरकते?

कापडाची वरची कड नळीच्या अक्षाला समांतर नसेल तर प्रत्येक फेऱ्यात कापड थोडे बाजूला जाते. फेरे वाढतात तशी चूक साठत जाते आणि गुंडाळी दुर्बिणीच्या नळ्यांसारखी एका टोकाने बाहेर येते. हिशेब सोपा आहे. एक मीटर रुंदीत कड ३ मिलिमीटर तिरकी लागली, तर दीड मीटर कापड गुंडाळेपर्यंत ते साडेचार मिलिमीटर सरकते. तिरकेपणा ५ मिलिमीटरचा आणि खिडकी दोन मीटर उंच असेल, तर एक सेंटीमीटर. कापड आणि ब्रॅकेट यांच्यात मोकळी जागा मुळात थोडीच असते. एवढ्याशा चुकीनेही कड घासू लागते ती यामुळे. यावरून एक गोष्ट ध्यानात येते : उंच आणि अरुंद खिडकीचा ब्लाइंड सर्वांत हट्टी, कारण रुंदी कमी असल्याने थोडी चूकही कोनाच्या हिशेबात मोठी ठरते.

कड सरळ असूनही कापड सरकत असेल तर इतर कारणे पाहावीत. ब्रॅकेट एका पातळीत नसणे, कापडच काटकोनात कापलेले नसणे, किंवा रुंद खिडकीवर नळी मध्ये वाकणे. नळीचा झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे त्याच नळीची लांबी आणि कापडाची रुंदी दुप्पट केली तर झोल १६ पट. अशा वेळी कापडावर मध्यभागाकडे तिरक्या सुरकुत्या दिसतात. तिथे टेपचा काही उपयोग नाही. जाड नळी घ्यावी किंवा एका खिडकीला दोन ब्लाइंड करावेत.

कोणते कापड चालते? काठ शिवावेत का?

दोन्ही बाजूंचे काठ दुमडून शिवणे ही शिवणकामातली सवय, पण इथे ती नडते. दुमडलेल्या काठाची जाडी दुप्पट होते. अर्ध्या मिलिमीटर जाडीचे दीड मीटर कापड ३८ मिलिमीटरच्या नळीवर गुंडाळले की गुंडाळीचा व्यास सुमारे ४९ मिलिमीटर होतो. काठाशी कापड दुपदरी असेल तर तिथे तोच ५८ पर्यंत जातो. दोन्ही टोके फुगतात आणि मधले कापड सैल पडून पोटासारखे लोंबते.

म्हणून ब्लाइंडसाठी असे कापड घ्यावे ज्याच्या कापलेल्या काठाचे धागे सुटत नाहीत. लेप दिलेले पॉलिस्टर, ब्लॅकआउट किंवा बारीक छिद्रांचे सनस्क्रीन कापड त्यासाठीच बनते. घरातले आवडीचे सुती कापड वापरायचेच असेल तर ते आधी धुऊन आटवून घ्यावे आणि मागून इस्त्रीने चिकटणारे फ्यूजिंग पूर्ण रुंदीला लावावे. शर्टाच्या कॉलरला शिंपी वापरतात तेच हे. ताणले जाणारे, विणीचे कापड मात्र टाळावे. उन्हासाठी ब्लाइंड हवा असेल तर काचेकडची बाजू पांढरी किंवा फिकट असावी. काचेतून आत आलेले ऊन गडद कापड शोषून घेते आणि ती उष्णता खोलीतच राहते. फिकट कापड त्यातले बरेचसे काचेतून बाहेर परतवते. खिडकीच्या बाहेर टांगलेली बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा ऊन काचेपाशी येण्याआधीच अडवतो, त्यामुळे गारव्यासाठी तो केव्हाही सरस.

प्रत्यक्ष काम कसे करावे?

उतरवण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढावेत. कापड नळीच्या पुढून उतरते की मागून, साखळी कोणत्या बाजूला आहे, हे नंतर आठवत नाही. जुने कापड काढून नळीवरचा गोंद स्पिरिटने पुसावा. तेलकट थर राहिला तर नवी टेप धरत नाही. रुंदीचे माप जुन्या कापडावरून घ्यावे, पण जुने कापड सरकत असेल तर त्याच्या कोपऱ्यांवर विसंबू नये.

कापड सपाट फरशीवर किंवा मोठ्या टेबलावर पसरून लांब पट्टी आणि गुण्याच्या मदतीने कापावे. कात्रीपेक्षा धारदार कटर बरा. चारही कोन काटकोन आहेत की नाही, याची खूण म्हणजे दोन्ही कर्ण समान भरणे. एक कर्ण मोठा असेल तर कापड तिरके आहे. ही तपासणी टेप लावण्याआधीच करावी.

गोल नळीवर सरळ रेषा आखायची युक्ती सोपी आहे. ॲल्युमिनियमचा एल आकाराचा अँगल कौलासारखा नळीवर पालथा ठेवावा. त्याच्या दोन्ही बाजू नळीला टेकल्या की त्याची कड आपोआप नळीला समांतर होते. तिच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारावी आणि रेघेलगत टेप लावावी.

मग कापड सपाटच ठेवून नळी त्याच्या कडेवर आणावी. कापड उचलून नळीकडे नेले की ते ताणले जाते. टेपचा कागद दोन्ही टोकांशी थोडा सोलून आधी टोके रेघेवर जुळवावीत, मग मधला कागद हळूहळू ओढून काढावा आणि मधून टोकांकडे दाबत जावे. पहिला वेढा हाताने, सुरकुती न पडू देता घ्यावा.

टांगल्यावरही तिरके गेले तर?

आधी पाणसळ लावून नळी आडवी आहे ना, ते पाहावे. ब्रॅकेटखाली पातळ चकती सरकवून एवढ्यानेच अनेकदा काम भागते. तरीही कापड सरकत असेल तर मास्किंग टेप कामी येते. कापड पूर्ण उलगडून नळी दिसू लागली की, कापड ज्या बाजूला सरकते आहे त्याच्या विरुद्ध टोकाशी नळीवर टेपचा छोटा तुकडा लावावा. डावीकडे जात असेल तर उजवीकडे. टेपमुळे त्या टोकाचा घेर किंचित वाढतो, ते टोक प्रत्येक फेऱ्यात थोडे जास्त कापड ओढते आणि पुढचे वेढे तिकडे झुकतात. पिठाच्या गिरणीचा सपाट पट्टा चाकावरून घसरू नये म्हणून चाक मध्ये किंचित फुगीर ठेवतात, त्यामागचे तत्त्व हेच. एका वेळी एकच थर लावावा, ब्लाइंड तीन-चार वेळा वर-खाली करून पाहावा आणि गरज असेल तरच दुसरा लावावा. तीन-चार थरांनीही फरक पडत नसेल तर दोष टेपच्या आवाक्याबाहेरचा आहे. कापड काढून पुन्हा लावणेच बरे.

घरात लहान मुले असतील तर?

रोलर ब्लाइंडमधला खरा धोका कापडात नसून लोंबत्या साखळीत आहे. खेळता खेळता मुलाची मान साखळीच्या फाशात अडकू शकते आणि अशा वेळी मुलाला ओरडताही येत नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या माहितीनुसार, खिडक्यांच्या पडद्यांच्या दोऱ्यांमुळे गळा आवळून तेथे दरवर्षी पाच वर्षे व त्याखालील सरासरी नऊ मुलांचा मृत्यू होतो. यामुळे तेथील उद्योगाचे सुरक्षा मानक कडक करण्यात आले असून नवे मानक जून २०२४ पासून लागू झाले आहे.

आपल्याकडे घरच्या घरी करण्यासारखी गोष्ट म्हणजे साखळी भिंतीला ताणून धरणारी क्लिप. ती ब्लाइंडसोबत मिळते, पण लावताना अनेकदा पिशवीतच राहते. कापड बदलायला ब्लाइंड उतरवलाच आहे, तर ती क्लिप स्क्रूने भिंतीत बसवूनच काम संपवावे. पाळणा, पलंग, सोफा साखळीच्या खिडकीपासून दूर ठेवावा. पाळणाघर किंवा मुलांच्या खोलीसाठी बिनसाखळीचा, स्प्रिंगचा ब्लाइंड अधिक सुरक्षित.

स्वतः करावे की कारागिराला बोलवावे?

खिडकी मीटर-सव्वा मीटर रुंद, नळी सरळ आणि क्लच चांगला असेल तर हे दुपारभराचे, दोघांनी मिळून करायचे काम आहे. वॉरंटीतला ब्लाइंड मात्र उघडू नये. मोटरच्या ब्लाइंडमध्ये कापड कुठे थांबायचे ते मोटर फेऱ्यांवरून ठरवते. कापडाची जाडी किंवा लांबी बदलली की वरची-खालची हद्द पुन्हा ठरवावी लागते, म्हणून ते काम जाणकारावर सोपवावे. खूप रुंद खिडक्यांनाही हेच लागू. कारागीर बोलावला तरी तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात : कापडाचे दोन्ही कर्ण समान आहेत का, पूर्ण खाली सोडल्यावर नळीवर दीड-दोन वेढे उरतात का आणि साखळीची क्लिप भिंतीला बसली का.