लोखंडी टोपावरचा गरुड

माझा भाचा सिनेमाच्या सेटसाठी सामान बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला आहे. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी बहिणीकडे गेलो, तर हा मोरीशेजारी पाट टाकून एका लोखंडी टोपावर चित्र चिकटवीत बसलेला. टोप जर्मन लष्कराच्या धर्तीचा, पण नवा बनवलेला. चित्र रुपेरी गरुडाचे आणि गरुडाच्या पंजात स्वस्तिक. बहीण म्हणाली, "दादा, हे चिन्ह तर लेण्यांत दिसतं. मग ह्या टोपाला बघून तुम्ही तोंड का वाकडं करता?"

तिचा प्रश्न रास्त होता. स्वस्तिक आपल्याकडच्या प्राचीन बौद्ध लेण्यांत शिलालेखांच्या जोडीने कोरलेले आढळते. हिटलरच्या पक्षाने ते १९२० साली उचलले, तिरके केले, आणि त्याच्या छायेखाली पुढे साठ लाख ज्यू माणसे मारली. जन्माने माणूस उच्च की नीच ठरवणारा तो विचार आपल्या लोकांना नवा नाही. म्हणूनच मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबई रेडिओवरून भाषण करून भारतीय कामगाराला हे युद्ध जिंकायचे का आहे ते सांगितले. आणि तरीही २००६ साली नवी मुंबईत हिटलरच्या नावाचे खानावळवजा हॉटेल निघाले होते! ज्यू बांधवांनी विरोध केला तेव्हा नाव बदलले.

पण भाच्याचे काम मला आवडले, हेही कबूल करतो. जुन्या शिलाई मशीनवर सोनेरी नक्षी असे ना, तीच ही जात. कारागीर तिला डेकल म्हणतात. आधी टोपावरचा तेलकटपणा साबणाने धुऊन काढायचा. चित्र कडेलगत कापून कोमट पाण्यात अर्धा मिनिट सोडायचे. खालचा डिंक सुटला की कागदावरून ते अलगद टोपावर सरकवायचे. टोप गोल, त्यामुळे चुणी पडतेच. मग पाण्यात थोडा व्हिनेगर घालून ब्रशने लावायचे, चित्र मऊ होते. मधून कडेकडे दाबत पाणी आणि हवा बाहेर काढायची. रात्रभर वाळल्यावर चकाकी नसलेले व्हार्निश, तेही पातळ.

खरी परीक्षा पुढे असते. कॅमेऱ्यासमोर नवाकोरा टोप चालत नाही, तो लढाईतून आलेला दिसला पाहिजे. भाचा तारेची अगदी बारीक घासणी घेऊन आधी टोपाची कड आणि माथा घासतो, कारण शिपाई टोप जमिनीवर ठेवतो, भिंतीला आपटतो, तिथेच रंग उडतो. चित्रावर हात शेवटी आणि हलका. मग तपकिरी तैलरंग पातळ करून फासायचा आणि फडक्याने पुसायचा, म्हणजे ओरखड्यांत मळ बसतो. "मामा, नवशिके नुसतं चित्र घासतात आणि भोवतालचा रंग कोराच ठेवतात. म्हातारपण सगळ्या अंगाला येतं, नाकालाच येत नाही," असे तो म्हणाला तेव्हा आम्ही सगळे हसलो.

दिवाळीच्या आधी त्याच्याकडे एक व्यापारी आला. आठ टोप हवेत, मजुरी दुप्पट, मात्र आत कुठलीही खूण नको. परदेशातल्या शौकिनांना अस्सल जर्मन टोपाचे मोल मोठे असते, आणि चित्र शाबूत असेल तर आणखी चढते. भाच्याच्या डोक्यावर खोलीचे भाडे होते. तो माझ्याकडे आला.

मी त्याला विचारले, बनावट ओळखतात कशी? त्यालाच सगळे ठाऊक होते. गंजाच्या वर चित्र बसलेले असेल तर ते मागाहून लावलेले. ओरखडा रंगात आहे आणि चित्रापाशी येऊन थांबतो, तरीही तेच. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसले तर आजचे यंत्र. साल चुकले तरी चोरी पकडली जाते: जर्मन सैन्याने उजवीकडची काळी-पांढरी-तांबडी ढाल १९४० सालीच बंद केली आणि डावीकडचा गरुड १९४३ साली. त्यामुळे १९४२ च्या, कड न वळवलेल्या टोपावर दोन्ही चित्रे दिसली की जाणकार हात मागे घेतो. "पण मी ह्यातलं काहीच चुकणार नाही, मामा," तो म्हणाला. तेच तर भय होते.

मग मी त्याला महार पलटणीच्या बिल्ल्याची गोष्ट सांगितली. १९४१ साली बेळगावला ही पलटण उभी राहिली, तेव्हा टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे त्याच्या जागी खंजीर आला. तो स्तंभाचा बिल्ला कुणाच्या आजोबांच्या पेटीत सापडला तर ते घर तो जिवापाड जपेल. उद्या तुझ्यासारख्याच हुशार हाताने तसे पन्नास बिल्ले जुने करून बाजारात सोडले, तर खऱ्या आजोबांवर कोण विश्वास ठेवील? आपल्याकडे मुळात कागद कमी, वस्तू त्याहून कमी.

तो काही बोलला नाही. चहा अर्धा ठेवून गेला. पंचशील त्याला पाठ आहे, ते मी वेगळे सांगितले नाही.

आठवड्याने बहिणीचा निरोप आला की व्यापारी परत गेला आणि भाडे ह्या महिन्यात मी द्यावे. दिले. आता तो सिनेमाचे टोपही एक काम जास्त करून देतो. जर्मन कारखाने टोपाच्या आत आपली अक्षरे आणि माप ठोकत. हा चामड्याच्या अस्तराखाली पत्र्यावर पंच ठेवून चालू साल ठोकतो. पहिल्या टोपावर आकडा जरा वाकडा पडला, तो त्याने स्वतःकडे ठेवला आहे. बहीण त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते.